वादळग्रस्त श्रीवर्धन आणि बाहेरून आलेले हात

(नवी दिल्लीत कोपर्निकस मार्गावरील जुन्या महाराष्ट्र सदनात मराठी श्रोत्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या रस्त्यावर ही सभा भरली आहे, त्याला एका पोलिश खगोलशास्त्रज्ञाचे नाव आहे. दिल्लीत येणाऱ्या मराठी माणसाच्या लेखी मात्र कोपर्निकस मार्ग म्हणजे महाराष्ट्र सदनाचा रस्ता. कस्तुरबा गांधी मार्गावर २०१३ साली नवे सदन उभे राहिले, त्यापूर्वी अर्ज, निवेदने आणि गाऱ्हाणी घेऊन राजधानीत येणारा मराठी माणूस येथेच पथारी टाकत असे. येथून नॉर्थ ब्लॉक फार दूर नाही. देशात कोठेही वादळ झाले, धरणी हादरली, पूर आला, तर घराला किती, झाडाला किती आणि माणसाला किती, याचे निकष वर्षानुवर्षे त्याच परिसरात ठरत आले. म्हणून कोकणातील एका लहानशा गावावर कोसळलेल्या वादळाची चर्चा दिल्लीत व्हावी, यात गैर काही नाही.

दिल्लीलाही वादळ अपरिचित नाही. येथून उत्तरेला काही मैलांवर, विद्यापीठाच्या परिसरात, १७ मार्च १९७८ रोजी एक भोवरा उतरला. इंग्रजीत ज्याला टोर्नेडो म्हणतात, तोच हा चक्रवात. त्याचा पट्टा अरुंद आणि जेमतेम काही किलोमीटर लांबीचा होता, आणि सारा प्रकार काही मिनिटांत आटोपला. पण तेवढ्यात २८ माणसे मृत्युमुखी पडली आणि शेकडो जखमी झाली. आपल्या उपखंडात अशा भोवऱ्यांचे खरे माहेरघर पूर्वेकडे आहे. बांगलादेशातील दौलतपूर-साटुरिया भागात २६ एप्रिल १९८९ रोजी झालेल्या चक्रवातात सुमारे १,३०० माणसे दगावली. जगाच्या ज्ञात इतिहासात एका चक्रवाताने घेतलेला हा सर्वांत मोठा बळी मानला जातो.

महाराष्ट्राच्या वाट्याला येते ते समुद्रावरून येणारे चक्रीवादळ. त्याचा वेग भोवऱ्याइतका भयंकर नसतो, पण त्याचा घेर शेकडो किलोमीटरचा असतो आणि ते तासन् तास घोंगावत राहते. दोहोंमागून उरणारा प्रश्न मात्र एकच असतो. वारा पडतो, बातमीदार परततात, आणि छप्पर उडालेले गाव मागे राहते. अशा वेळी बाहेरून माणसे धावून येतात. ती काय घेऊन येतात, कोणाच्या सांगण्याने काम करतात आणि ती परत गेल्यावर गावाच्या हाती काय राहते, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

३ जून २०२०

रायगड जिल्ह्याच्या दक्षिण किनाऱ्यावरील श्रीवर्धन हे सुमारे पंधरा हजार वस्तीचे नगरपालिकेचे गाव. इतिहासाच्या पुस्तकात ते पेशव्यांचे मूळ गाव म्हणून येते. बाजारात ते रोठा सुपारीसाठी ओळखले जाते. गावालगत समुद्रापर्यंत नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. वर माडाची सावली, तिच्याखाली पोफळ, पोफळीवर चढलेली मिरी, मधूनच जायफळ आणि केळ, अशी ही अनेक मजली शेती आहे. कोकण कृषी विद्यापीठाचे सुपारी संशोधन केंद्रही श्रीवर्धनलाच आहे.

अरबी समुद्रात जूनच्या आरंभी तयार झालेल्या वादळाला बांगलादेशाने सुचविलेले ‘निसर्ग’ हे नाव मिळाले. ३ जून रोजी दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान ते श्रीवर्धन-दिवेआगर परिसरात किनाऱ्यावर चढले. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. १८९१ पासूनच्या नोंदींत जून महिन्यात महाराष्ट्राला धडकलेले हे सर्वांत तीव्र वादळ ठरले. राज्यात सहा माणसे दगावली. वेळीच मिळालेली पूर्वसूचना आणि किनाऱ्यावरील लोकांचे स्थलांतर यांमुळे मनुष्यहानी एवढ्यावर थांबली, हे हवामान खात्याचे व प्रशासनाचे श्रेय निःसंशय आहे.

पण माणसे वाचली म्हणजे गाव वाचले असे होत नाही. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, तसेच रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड आणि दापोली या तालुक्यांत कौले आणि पत्रे उडाले, शाळांची छपरे गेली, विजेचे खांब आडवे झाले, मोबाईलचे मनोरे बंद पडले. विहिरीत पाणी होते, पण पंप चालवायला वीज नव्हती. मुंबईत अडकलेल्या मुलाला गावी आईबाप सुखरूप आहेत की नाहीत, हे कित्येक दिवस कळत नव्हते. त्यातच दहा दिवसांच्या आत मोसमी पाऊस कोकणात दाखल झाला. उघड्या घरावर पाऊस, घरात अंधार आणि करोनाची टाळेबंदी, अशा तिहेरी संकटात ही वस्ती सापडली. एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जायला परवाना लागत होता. परगावचा माणूस दारात येणे हीच त्या दिवसांत भीतीची गोष्ट होती. अशा काळात बाहेरची माणसे श्रीवर्धनात आली, यातच त्यांच्या कामाचे मोल आहे.

धावून आले ते कोण?

सर्वांत आधी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान आले. ते वादळापूर्वीच किनाऱ्यावर येऊन थांबले होते. निरनिराळ्या प्रांतांतून भरती झालेल्या, कोकणी बोली कानावर कधी न पडलेल्या या तरुणांनी यंत्रकरवतींनी रस्त्यावरचे वृक्ष कापले. माणगावहून म्हसळ्यामार्गे श्रीवर्धनकडे येणारा घाटरस्ता मोकळा झाल्यावाचून धान्याचा ट्रक काय किंवा पत्र्यांची गाडी काय, पुढे सरकणे शक्य नव्हते. पहिल्या दिवसांतील खरी मदत ती हीच.

त्यांच्या मागोमाग पुण्या-मुंबईहून आणि घाटावरून ताडपत्र्या, पत्रे, धान्य आणि औषधे घेऊन कार्यकर्त्यांची पथके आली. पण कोकणच्या बाबतीत ‘बाहेरचा’ हा शब्द जपून वापरावा लागतो. मुंबईत राहणारा चाकरमानी बाहेरचा की गावचा? गिरणगावातल्या चाळींत एकेका गावच्या माणसांनी मिळून भाड्याने घेतलेल्या गावकरी खोल्या होत्या. त्या खोल्यांमधून ग्रामस्थ मंडळे जन्मली. गावच्या शाळेची भिंत, देवळाचा सभामंडप, साकवाची दुरुस्ती, आजाऱ्याचे औषध, या साऱ्यांसाठी वर्गणी काढण्याची शिस्त कामगारांनी तेथे बाणवली. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि लांबत गेला, तेव्हा याच नात्याची उलट बाजू दिसली. पगार बंद झालेले हजारो कामगार गावी परतले आणि त्यांना गावच्या भाताने जगवले. २०२० मध्ये टाळेबंदीत स्वतःचा रोजगार गमावलेली मुंबईकर मंडळी गावासाठी पत्रे जमवत होती, ती याच जुन्या परंपरेतून. येथे उपकार करणारा आणि उपकार घेणारा अशी विभागणीच नाही. आज तुझ्या घरावर छप्पर नाही, काल माझ्या घरात चूल पेटत नव्हती, एवढाच हा हिशेब आहे.

अशीच गोष्ट केरळात घडली होती. ऑगस्ट २०१८ च्या महापुरात किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी आपल्या होड्या ट्रकवर चढवल्या आणि आतल्या भागातील बुडालेल्या गावांत नेल्या. हजारो लोकांना त्यांनी पाण्यातून बाहेर काढले. त्यांच्याजवळ देणगी द्यायला पैसा नव्हता. होडी होती, पाण्याची जाण होती आणि एकत्र काम करण्याची रोजची सवय होती. संकटात सर्वांत उपयोगी पडतो तो हातातला हुन्नर.

अंधारातले कामगार

श्रीवर्धनच्या बाबतीत हा हुन्नर प्रामुख्याने वीज कामगारांचा होता. त्यांच्या कामाचा तपशील क्वचितच छापला जातो, म्हणून तो येथे सविस्तर सांगणे अगत्याचे आहे.

वादळानंतर वीज ‘सुरू होते’ असे वृत्तपत्रांत वाचायला मिळते. वस्तुतः वीज आपण होऊन सुरू होत नाही. आधी उपकेंद्राला येणारी उच्चदाब वाहिनी उभी करावी लागते. ती उभी झाली की उपकेंद्रातून गावोगाव जाणाऱ्या वाहिन्या, मग त्यांच्यावरची रोहित्रे, मग गल्लीबोळांतील लघुदाब तारा, आणि सर्वांत शेवटी घराची जोडणी. या साखळीतली एक कडी तुटलेली असेल तर पुढचे सारे काम व्यर्थ ठरते. शिवाय तार जोडण्यापूर्वी तिच्यावर पडलेले झाड काढावे लागते, आणि पुढे कोणी चुकून जनरेटरची वीज वाहिनीत सोडलेली नाही, याचीही खात्री करून घ्यावी लागते. खांबावर चढलेल्या माणसाचा प्राण त्या खात्रीवर अवलंबून असतो.

महावितरणच्या स्थानिक कर्मचाऱ्यांची स्वतःची घरेही वादळात उघडी पडली होती. राज्याच्या इतर परिमंडळांतून तंत्रज्ञांच्या आणि ठेकेदारांकडील कामगारांच्या तुकड्या तेथे पाठवण्यात आल्या. घाटावरच्या मोकळ्या माळावर खांब रोवण्याची सवय असलेल्या या माणसांपुढे जांभा दगड, चिखल आणि वाड्यांमधल्या अरुंद पाखाड्या होत्या. जेथे क्रेन पोहोचत नाही, तेथे खांब दोरखंडाने ओढून आणि खांद्यावर वाहून न्यावा लागतो. वरून पाऊस, खाली निसरडी जमीन आणि साथीची धास्ती अशा स्थितीत ते काम चालले. कित्येक गावांत दिवा लागायला काही आठवडे गेले. या विलंबाबद्दल लोकांत संताप होता आणि तो अकारण नव्हता. पण त्या संतापाला तोंड द्यावे लागले ते खांबावरच्या माणसाला, हेही तितकेच खरे.

येथे एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. संकटाच्या दिवशी ज्यांना ‘योद्धे’ म्हटले गेले, त्यांतले अनेकजण कंत्राटी होते. नोकरीच्या कायमपणासाठी वीज उद्योगातील कंत्राटी कामगार वर्षानुवर्षे झगडत आले आहेत. सार्वजनिक वीज कंपनी असल्यामुळेच एका जिल्ह्यातले मनुष्यबळ एका आदेशासरशी दुसऱ्या जिल्ह्यात नेता आले. प्रत्येक विभाग वेगळ्या ठेकेदाराच्या हाती असता, तर कोणत्या कराराच्या कोणत्या कलमाखाली कोल्हापूरचा तंत्रज्ञ श्रीवर्धनच्या खांबावर चढला असता? वीज वितरणाच्या खाजगीकरणाची चर्चा करताना हा प्रश्न विचारला पाहिजे.

मदतीने होणारे नुकसान

धावून येणाऱ्यांच्या हेतूबद्दल शंका नसली, तरी पद्धतीबद्दल बोलणे भाग आहे. महाराष्ट्राजवळ याबाबतचा एक मोठा आणि कडू-गोड अनुभव आहे, तो किल्लारीचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या जिल्ह्यांत झालेल्या भूकंपात हजारो लोक मरण पावले. देशभरातून आणि परदेशांतून मदतीचा ओघ लागला. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेले. ५२ गावे नव्या जागी पूर्णपणे नव्याने वसवण्यात आली.

पण ती वसवताना काय झाले? शहरातल्या आराखड्याप्रमाणे सरळ रेषेत रस्ते आखले गेले. वाडा, अंगण, गोठा, कडब्याची गंजी यांची गावाला असलेली गरज त्या रेषांत बसली नाही. घराचा आकार धारण केलेल्या जमिनीवर ठरला. भूमिहीनाला आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मधल्या शेतकऱ्याला ४००, आणि मोठ्या जमीनदाराला ७५०. भूकंपाने सर्वांची घरे सारखीच पाडली होती. पुनर्वसनाने जुनी उतरंड सिमेंटमध्ये पक्की केली.

त्याच कार्यक्रमाची दुसरी बाजू उमेद देणारी आहे. जी गावे जागच्या जागी दुरुस्त करायची होती, तेथे प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने गावातल्याच स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभे केले. घराची भिंत भूकंपाला कशी टिकेल, अनुदानाचा हप्ता कधी मिळतो, गवंडी काम नीट करतो की नाही, हे त्या स्त्रिया शिकल्या आणि त्यांनी शेजारणींना शिकवले. संस्था बाहेरची होती. पण ती निघून गेल्यावर ज्ञान गावात राहिले. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक पथकाने स्वतःला याच कसोटीवर तपासून पाहावे.

श्रीवर्धनसारख्या ठिकाणी ही कसोटी अगदी साध्या गोष्टींत लागते. डांबरी रस्त्यालगतच्या वाड्यांना ताडपत्री दोनदा मिळते आणि डोंगरावरच्या आदिवासी वाडीला एकदाही मिळत नाही. शहरातून जुन्या कपड्यांचे ढीग येतात आणि छपराला लागणारे खिळे व हुक मिळत नाहीत. ज्या गावात घरवार यादी आधी तयार होते आणि आलेली प्रत्येक गाडी त्या यादीप्रमाणे वाटली जाते, तेथे धक्काबुक्की होत नाही आणि लाचारीही येत नाही. यादी गावाने करायची, हात बाहेरच्यांनी द्यायचे, हा क्रम उलटला की मदतीचा दानधर्म होतो.

आडवी झालेली वाडी

घर एका पावसाळ्यात उभे करता येते. वाडीचे तसे नाही. पोफळीचे रोप लावल्यापासून फळ धरायला पाच ते सात वर्षे लागतात. माडालाही साधारण तेवढाच, उंच जातीच्या माडाला त्याहून थोडा अधिक काळ लागतो. वादळात पडलेली वाडी म्हणजे एका हंगामाचे नुकसान नव्हे; एका घराची सात-आठ वर्षांची मिळकत एका दुपारी जमिनीवर आली.

शिवाय नुकसान तेथेच थांबत नाही. पोफळ सावलीतले झाड आहे. वरचा माड पडला की उरलेल्या पोफळींच्या खोडांना ऊन लागते, ती करपतात आणि पुढच्या काही वर्षांत तीही मोडतात. पडलेली खोडे कुजू लागली की त्यांत गेंडा भुंगा वाढतो आणि उभ्या असलेल्या माडांच्या सुईत शिरतो. म्हणून वाडी साफ करणे हे दिसायला बरे दिसावे म्हणून करायचे काम नसते. उरलेली झाडे जगवण्याचा तो पहिला उपाय असतो. आठवडाभर येऊन यंत्रकरवतीने वाड्या मोकळ्या करून देणारे तरुण शेतकऱ्याला धान्याच्या पोत्याहून अधिक देऊन जातात, ते यामुळे.

आणि येथेच सरकारी मदतीचा हिशेब पाहिला पाहिजे. वादळानंतर मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी रायगडसाठी १०० कोटी रुपयांची तातडीची मदत जाहीर केली. केंद्राचे पथक येऊन पाहणी करून गेले. राज्य मंत्रिमंडळाने प्रचलित निकष ओलांडून पूर्ण पडलेल्या घरासाठी ९५,१०० ऐवजी दीड लाख रुपये, आणि फळबागांसाठी दोन हेक्टरांच्या मर्यादेत हेक्टरी ५० हजार रुपये देण्याचे ठरविले. निर्णय स्वागतार्ह होता. पण कोकणात हेक्टराने मोजावी अशी वाडी किती जणांजवळ आहे? येथे जमीन गुंठ्यांत मोजतात, आणि एकाच सात-बारावर चुलत्या-पुतण्यांची दहा-पंधरा नावे असतात. पाच गुंठ्यांच्या वाडीला हेक्टरी ५० हजारांच्या हिशेबाने अडीच हजार रुपये येतात. तेही त्या साऱ्या नावांच्या संमतीने वाटायचे, आणि त्यांतली निम्मी माणसे मुंबईत किंवा सुरतेला.

म्हणून झाडनिहाय मदतीची मागणी पुढे आली आणि लोकांच्या रेट्याने ती मान्यही झाली: सुपारीच्या झाडाला ५० रुपये आणि नारळाच्या झाडाला २५०. मोजमापाचे तत्त्व सुधारले, हा लोकांच्या चळवळीचा विजय होता. रक्कम मात्र पाहा. सात वर्षे वाढवलेल्या आणि पुढे कित्येक वर्षे फळ देणाऱ्या झाडाची किंमत ५० रुपये. त्यात पडलेले झाड तोडून बाहेर काढण्याची मजुरीदेखील निघत नाही.

याहून मोठा अन्याय त्यांच्यावर झाला, ज्यांचे नाव पंचनाम्यात येतच नाही. पोफळीवर चढून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर झोका घेत सुपारी उतरवणारा गडी, माड पाडणारा मजूर, ओसरीवर बसून सुपारी सोलणाऱ्या स्त्रिया, वाडीचे शिंपणे करणारे कुटुंब. झाड मालकाचे पडले, त्याचा तलाठ्याने पंचनामा केला. झाडाबरोबर ज्यांची मजुरी पडली, त्यांच्यासाठी त्या छापील नमुन्यात रकाना नाही. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याचे छप्पर उडाले, तर छपराची मदत घरमालकाला मिळते. वादळ सातबारा पाहून येत नाही. मदत मात्र सातबारा पाहूनच येते.

जगाचा एक दाखला

घरे उभी केली म्हणजे गाव उभे राहते, या समजुतीचे उत्तर अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या ग्रीन्सबर्ग या गावात सापडते. ४ मे २००७ च्या रात्री चक्रवाताने या गावाचा सुमारे ९५ टक्के भाग जमीनदोस्त केला. बाहेरून स्वयंसेवक आले, सरकारचा पैसा आला, तज्ज्ञ आले. पवनऊर्जेवर चालणारे, ऊर्जेची बचत करणाऱ्या सुंदर इमारतींचे नवे गाव बांधले गेले आणि जगभर त्याचे कौतुक झाले. पण २००० च्या शिरगणतीत १,५७४ असलेली तेथील लोकसंख्या २०१० मध्ये ७७७ वर आली. इमारती परत आल्या. निम्मी माणसे आली नाहीत. सर्वांत श्रीमंत देशात, सदिच्छेचा पूर आलेला असताना हे घडले.

श्रीवर्धनपुढचा धोका याच जातीचा आहे. कोकणातला तरुण आधीच मुंबईकडे तोंड करून उभा असतो. वाडी फळ देईपर्यंतच्या सात-आठ वर्षांत घर कशावर चालायचे, याचे उत्तर मिळाले नाही, तर तो जातो. मग पडीक वाडी विकायला निघते आणि समुद्रकाठची जमीन हॉटेलासाठी शोधणारा दलाल दारात उभा राहतो. वादळाने जे नेले नाही, ते त्यानंतरची मंदगती नेते. त्यातच मे २०२१ मध्ये, वर्ष पुरे होण्याच्या आत, ‘तौक्ते’ वादळ याच किनाऱ्याजवळून गेले. अशी वादळे आता कधीकाळी येणारी पाहुणी राहिलेली नाहीत.

दिल्लीकडे काय मागायचे?

२००५ साली संसदेने आपत्ती व्यवस्थापन कायदा केला. त्याच्या १२ व्या कलमात मदतीच्या किमान दर्जाचा विषय आहे, आणि त्यात मृत्यू व घरांची हानी यांच्याबरोबरच उपजीविकेची साधने पुन्हा उभी करण्यासाठी साह्य, असा स्पष्ट उल्लेख संसदेने केला. सर्वोच्च न्यायालयाने ३० जून २०२१ रोजी, करोनाने मृत्यू पावलेल्यांच्या कुटुंबांच्या प्रकरणात, किमान मदत ठरवणे हे प्राधिकरणावर बंधनकारक आहे, असा निर्वाळा दिला. त्याच कायद्याच्या १३ व्या कलमात मोठ्या आपत्तीत कर्जफेडीत सवलत देण्याची तरतूद होती. २०२५ च्या दुरुस्तीने ती काढून टाकण्यात आली. ३० जुलै २०२४ च्या दरडींनी उद्ध्वस्त झालेल्या वायनाडच्या लोकांचा कर्जमाफीचा प्रश्न न्यायालयात असताना हे घडले. कायद्यातले शब्द कसे मिळतात आणि कसे जातात, याचा हा ताजा धडा आहे.

तेव्हा मागण्या उघड आहेत. फळबागेच्या नुकसानीचे मोजमाप झाडानुसार आणि झाडाच्या उरलेल्या फलधारणेच्या वर्षांनुसार व्हावे. नवी लागवड फळ धरेपर्यंत त्या वाडीतल्या मजुरांना रोजगार हमीखाली वाडी साफ करणे, खड्डे काढणे, रोपे जगवणे ही कामे मिळावीत. भाडेकरू, मजूर आणि सुपारी सोलणाऱ्या स्त्रिया यांची पंचनाम्यात नोंद व्हावी. सुपारी आणि नारळाच्या रोपवाटिका वादळानंतर सुरू न करता आधीपासून भरलेल्या असाव्यात. कर्जफेडीतील सवलतीची तरतूद कायद्यात परत यावी. आणि वीज, रस्ते, पाणी ही सार्वजनिक सेवा पुरेशा कायम कामगारांनिशी सार्वजनिकच राहावी.

यांतली एकही मागणी दयेची नाही. बाहेरून धावून आलेल्यांनी श्रीवर्धनात जे करून दाखवले, तेच राज्ययंत्रणेने कायद्याने आणि नियमाने करावे, एवढाच तिचा आशय आहे. दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसांना हे काम दूरचे वाटण्याचे कारण नाही. पत्रे वाहून नेणे त्यांना जमले नसेल. पण निकष बदलून घेण्यासाठी लागणारे निवेदन, खासदारांच्या भेटी, आकडेवारीची छाननी आणि इंग्रजी-हिंदी कागदांचे मराठी भाषांतर हे हुन्नर त्यांच्याजवळ आहेत. प्रत्येकाने आपल्या हातातले अवजार घेऊन यावे. पुढच्या वादळाची वर्दी येण्यापूर्वी किनाऱ्यावरच्या प्रत्येक नगरपालिकेत घरवार यादी, झाडांची मोजणी आणि मजुरांची नोंद तयार असली, तर धावून येणाऱ्या हातांना काय करायचे ते पहिल्याच दिवशी कळेल. या कामाला आजपासून लागता येते.